मी मधुरा बोलतेय

छत्रपती संभाजीनगर
९ जून २०२५

विशा,

तू माझा नंबर ब्लॉक केलेला आहेस, म्हणून हे पोस्टानं. पत्ता दाजींच्या खताच्या दुकानाचा टाकलाय. घरी पाठवलं तर तुझ्या सासूबाईंच्या हाती पडायचं. दाजींनी तुला दिलं तर दिलं. चार वर्षांत मी तुला काही लिहिलं नाही, आणि आज लिहितेय, कारण आज जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवेना, आणि बहीण मला एकच आहे.

मी चिकलठाण्याला एका कॉल सेंटरात आहे. घरघंट्या, मिक्सर, गॅसच्या शेगड्या बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आम्ही ऐकतो. मराठी बोलणाऱ्या आम्ही आठ जणी. आज सकाळी आमचे सत्यम सर म्हणाले, "आजपासून बोलायचं तुम्ही, पण आवाज तुमचा जाणार नाही."

आम्हाला वाटलं, माईक बिघडलेत. तसं नव्हतं. मधे आता एक कॉम्प्युटर बसवलाय. मी माझ्या आवाजात बोलते, तो ते उचलतो आणि गिऱ्हाइकाच्या कानात दुसऱ्याच बाईच्या आवाजात सोडतो. नुसता आवाजच नाही गं. मी "नाय" म्हणाले की तिकडं "नाही" जातं. "कामून" म्हणाले की "का बरं?" जातं. आवाज कसा आहे सांगू? आकाशवाणीवर बातम्या देणारी बाई जेवून, पान खाऊन, खुशीत बसली असंल तर कशी बोलंल, तसा. तिचं नाव मधुरा ठेवलंय. आम्ही आठही जणी फोन उचलला की म्हणायचं, "नमस्कार, मी मधुरा बोलतेय." आणि तिचा आवाज आमच्या हेडफोनमध्येही येतो, बोललं की लगेच मागोमाग, म्हणजे आपण काय बोललो ते आपल्याला तिच्या आवाजात ऐकू येतं.

माझ्या खोलीतली युसरा पण तिथंच कामाला आहे. खुलताबादची आहे, बोलते दखनी, मराठी बोलली तरी निम्मी दखनीच येते. सरांनी आम्हा दोघींना एकमेकींना फोन लावून बघायला सांगितलं. मी म्हणाले, "नमस्कार, मी मधुरा बोलतेय." तिकडून उत्तर आलं, "नमस्कार, मी पण मधुराच." आम्ही दोघी हसायला लागलो, तर हेडफोनमधून दोन्हीकडून एकच हसणं, बारीक, सभ्य, जिथं थांबायचं तिथं बरोबर थांबणारं. युसरा काचेपलीकडं टेबल बडवत होती, आणि माझ्या कानात ती कशी हसत होती माहितीये? मास्तरीणबाई शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढं हसतात तशी.

तुला माझा आवाज माहितीये. सगळं वैजापूर म्हणायचं, मोतीरामचा गळा पोरीला गेला. आज नाशिकची एक बाई मला फोनवर विचारते, "तुम्ही पुण्याच्या का हो? किती छान बोलता." मला, विशा.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वाच नुसतं.

दिपा


३ जुलै २०२५

विशा,

अण्णांचा फोन आला. मला नाही, कंपनीला. पण उचलला मी.

समोर स्क्रीनवर नाव आलं, मोतीराम सांडू गायके, वैजापूर. पण नाव वाचायच्या आधीच कळलं होतं. ते "हॅलो" नाही म्हणत, "हालोऽ" म्हणतात, मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारल्यासारखं. यार्डातली लिलाव पुकारायची नोकरी संपली तरी तसंच.

मी म्हणाले, "नमस्कार, मी मधुरा बोलतेय."

"हां मॅडम. तुमची घरघंटी घेतलीय. ज्वारी दळली तर नुसता रवाच निघायलाय. भाकर थापता यीना. आता रवा खाऊ का काय करू?"

"कोणती जाळी लावली आहे काका?"

काका म्हणाले मी त्यांना. जीभ अडखळली नाही. मधुरानंच म्हणलं ते.

"जाळी आसती व्हय त्याला?"

मग मी त्यांना जाळी कशी काढायची, बारीक कशी बसवायची, सगळं सांगितलं. मधे फोन खाली ठेवून ते गेले, खडखड आवाज आला, स्वतःशीच काहीतरी बोलले, परत आले. मी विचारलं, घरघंटी कशाला घेतली. म्हणाले, गिरणीवाला गव्हाच्या पाठीवर ज्वारी दळतो, पिठात गहू मिसळतो, त्याच्याशी भांडण झालं. मी हसले. म्हणजे मधुरा हसली. अण्णा म्हणाले, "मॅडम, तुमी नीट समजावून सांगता. आमच्या गावात कुनी समजावून सांगत नाय, समदे वरडतेत."

तुला ठाऊक आहे मी काय म्हणतेय ते, पण चार वर्षांत आपण दोघी हे कधी बोललो नाही, म्हणून एकदा लिहिते. साखरपुड्याला तुझ्या सासूबाई भर मांडवात म्हणाल्या, "पोरगी बोलती का लिलाव पुकारती? आमच्या घरी हळू बोलावं लागंल." मी म्हणाले, "मग हळू बोलणारी बघा," आणि उठले. उठले ते बरोबरच केलं, आजही तेच म्हणेन. त्यांनी त्याच पाटावर तुला बसवलं. ते मी नाही केलं, अण्णांनी आणि त्यांनी मिळून केलं. तरी तू त्यांच्याशी बोलतेस आणि मला ब्लॉक केलंस. असो. दाजी चांगले आहेत असं ऐकते, आणि खरंच असले तर मला आनंद आहे.

त्या दिवशी मी बॅग उचलली तेव्हा अण्णा म्हणाले होते, "आजपास्नं तुझा आवाज माझ्या कानावर नको." आणि ते शब्दाचे पक्के. मी फोन केला की माझं "अण्णा" ऐकताच ते ठेवून द्यायचे. पण आज बघ ना. माझा आवाज त्यांच्या कानावर पडलाच नाही. त्यांचा शब्द मोडला नाही आणि बाप माझ्याशी पोटभर बोलला.

फोन ठेवताना म्हणाले, "पुन्यांदा काय आडलं तर तुमालाच लावीन."

त्यांना सांगू नकोस. तुला हात जोडते, विशा, सांगू नकोस.

दिपा


२५ जुलै २०२५

विशा,

तुझा फोटो दिसला. व्हॉट्सअॅपवर तुझ्या नावापुढं इतके दिवस करड्या रंगाचं रिकामं डोकं असायचं, परवा तिथं बाई आली. म्हणजे तू मला उघडलंस. मी खोलीत नाचले. युसराला दाखवलं, ती म्हणाली, "ये तेरी बहन है? हीरोइन दिखती." मग मी नीट बघितलं. मोरपंखी पैठणी, मागं कुठलातरी महाल, नाक चाफेकळी, रंग दुधासारखा. तुझ्या भुवईवरचा वण कुठंय? बाजेवरून पडली होतीस तो? कुठल्यातरी अॅपनं करून दिलाय ना फोटो? सगळ्या बायका करतायत म्हणे. छान आहे, पण मी दोनदा बघितला तरी तुला त्यात ओळखायला वेळ लागला. तुला लागतो का गं?

मेसेज टाकणार होते. नाही टाकला. पत्रात लांब बोलता येतं आणि तुला मधेच तोडता येत नाही.

आता अण्णांचं. ते आठवड्यातून दोनदा तरी फोन करतात. घरघंटी काही बिघडलेली नाही. कधी म्हणतात आवाज येतो, कधी म्हणतात गरम होते, मग हळूहळू मार्केट यार्ड, गुडघे, शेजारच्या सारजाबाईंची सून, असं सुरू होतं. मी सगळं ऐकते. सत्यम सर ओरडत नाहीत, कारण फोन संपला की गिऱ्हाइकाला मार्क द्यायला सांगतात, आणि अण्णा नेहमी पाचपैकी पाच दाबतात.

पण एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. त्यांचा फोन दर वेळी मलाच येतो असं थोडंच आहे. आठ जणींपैकी जी मोकळी असंल तिला जातो. आणि त्यांना काय, कुणीही उचलला तरी मधुराच.

सोमवारी युसरानं उचलला. संध्याकाळी औरंगपुऱ्यात आम्ही पाणीपुरी खात होतो, तिथं ती म्हणाली, "तेरे अब्बा का फोन था आज. तेरी बात निकाले."

मी म्हणाले, "काय म्हणाले?"

"बोले, मेरी बडी बेटी का गला मेरेपे गया. वो लोगां उसकू नाम रखे, तब मैं चुप बैठा. बोले, जिंदगी में कभी चुप बैठना आया नईं, उसीच दिन आया."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मैं क्या बोलती? हौ हौ करती बैठी."

तिच्या "हौ हौ"चं त्या मशीननं "हो, बरोबर" केलं असणार. म्हणजे अण्णा म्हणाले, मी गप्प बसलो, आणि मधुरा म्हणाली, हो, बरोबर.

विशा, मला इतका राग आला की पाणीपुरी तशीच ठेवली. युसरावर नाही. चार वर्षं मी ते एक वाक्य ऐकायची वाट बघत होते, आणि ते माझ्यासाठीच ठेवलेलं, पण पडलं दुसरीच्या कानात. अण्णांना तर वाटतंय, त्यांनी ते ओळखीच्या बाईला सांगितलं. चुकलं असं त्यांचं काहीच नाही. मग मी जी इतके दिवस खुशीत होते, माझा बाप माझ्याशी बोलतो म्हणून, तो माझ्याशी बोलत होता का?

रात्रीपर्यंत राग गेला. कारण वाक्य मिळालं ते मिळालंच. युसराकडून ते मी चार वेळा म्हणवून घेतलं.

ऑफिसात आता मधुराचा फोटोसुद्धा लागलाय. आम्हा आठ जणींच्या ओळखपत्रांवरचे फोटो घालून कॉम्प्युटरनं एक चेहरा काढला. जाता-येता आम्ही त्यात आपापलं काहीतरी शोधतो. युसरा म्हणते, हनुवटी तिची. मला माझं अजून काही सापडलेलं नाही, पण बघितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

दिपा


२७ ऑगस्ट २०२५

प्रिय विशाखा,

तुला पत्र लिहिण्यास फार उशीर झाला, याबद्दल दिलगीर आहे. येथे सर्व कुशल आहे. कामाचा व्याप

बघ. हे कोण लिहितंय? मघाशी लिहिलेलं वाचलं आणि मलाच दचकायला झालं. "येथे सर्व कुशल आहे." मी तुला कधी येथे म्हणाले होते?

तरी हे खोडत नाही, राहू दे. तुला कळू दे काय झालंय ते.

गेल्या महिन्यापासून माझं बोलणं बदलत चाललंय. दिवसभर कानात मधुरा असते. आपण बोललं की लगेच तिचा आवाज येतो, आणि तोंड हळूहळू तिच्या मागं चालायला लागतं. आधी मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. बँकेत गेले तर माणूस उठून बोलला. रिक्षावाल्यानं "मॅडम" म्हणलं. मग एकदा भाजीवाली म्हणाली, "ताई, जरा मोठ्यानं बोला, ऐकू यीना." मला, विशा. कुणी आयुष्यात मला मोठ्यानं बोल म्हणालं नव्हतं. जुन्या मोबाईलमध्ये माझ्याच आवाजातली एक क्लिप निघाली, मैत्रिणीला शिव्या देतेय अशी. ऐकली आणि आधी वाटलं, केवढ्यानं ओरडते ही बाई. मग कळलं.

पण आज जे झालं ते वेगळंच, आणि मी आनंदानं फुटायला आलेय, आणि रडायलाही. क्रमानं सांगते.

आज गणपती बसले, तरी आमचं ऑफिस चालू होतं. सकाळी अण्णांचा फोन आला, आणि देवानं तो मला दिला.

"मॅडम, येक काम हाय. कंपनीचं नाय."

"बोला ना काका."

"माझी थोरली पोरगी हाय, संभाजीनगरला. तिला तुमी येक फोन करून सांगताल का? म्हनावं, महालक्ष्म्याला घरी ये."

माझा श्वास अडकला. तिकडं काय गेलं असंल कुणास ठाऊक, मशीनला श्वास कळतो का?

मी म्हणाले, "तुम्हीच का नाही करत?"

"माझ्याच्यानं व्हत नाय. म्या बोलाया गेलो की दोन शब्दात भांडण व्हतंय. दोघाचाबी गळा येकच ना. तुमचं बोलनं गोड हाय. तुमी म्हन्लं तर ती ऐकंल."

म्हणजे विशा, त्यांनाही मधुरा पाहिजे होती. मला वाटत होतं मीच एकटी तिच्यामागं लपलेय.

मग ते म्हणाले, नंबर लिहून घ्या. आणि एकेक आकडा पुकारला. मी माझाच नंबर कागदावर लिहिला, एकही आकडा चुकला नव्हता. मी विचारलं, हा कुठून मिळाला? म्हणाले, "धाकलीनं दिला. तिला पत्रं येतेत तिची. वाचून दाखवती मला. समदं नाय वाचत, मधमधलं गाळती. गाळलेलं कळतं मला."

तू वाचून दाखवतेस. गाळलेस ते कोणते भाग, ते मी विचारत नाही. मधुरा गाळलीस एवढं मला कळलं, आणि त्यासाठी मी तुझी किती ऋणी आहे ते, ऋणी नको, हा शब्द पण तिचाच आहे. तुझं लई भलं होऊ दे.

जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात गेले आणि माझ्या मोबाईलवरून अण्णांना फोन लावला. हेडफोन नाही, मशीन नाही, मी आणि माझा गळा. नंबर ते बघत नाहीत, वाजला की उचलतात.

"हालोऽ"

"अण्णा," मी म्हणाले.

"हां मधुरा मॅडम, बोला. झालं का बोलनं पोरीसंगं?"

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, मी दीपमाला बोलतेय."

ते म्हणाले, "मॅडम, तुमी चांगल्या घरच्या हायेत. आशी चेष्टा करू नये. माझ्या पोरीचा आवाज मला वळकू येत नाय व्हय?"

आणि फोन ठेवला.

मी पायरीवर बसले. परत लावायची हिंमत झाली नाही, कारण परत लावला तरी आवाज तोच निघणार होता. मी तिथंच म्हणून बघितलं, "अण्णा, मी दीपमाला बोलतेय." अण्णांचं काही चुकलं नव्हतं. ती मधुराच होती. माझ्या मोबाईलमधून, माझ्या तोंडातून.

युसरा डबा घेऊन मला शोधत आली. सगळं ऐकलं. म्हणाली, "अभी चिल्ला के देख." मी ओरडून बघितलं. बारीक, सभ्य ओरडणं निघालं. ती हसली नाही. माझ्या शेजारी बसून तिनं डबा उघडला आणि म्हणाली, "तेरेकू अब फोन से नईं होता. टिकट काढ के जाना पडता."

सत्यम सरांकडं रजा टाकली. दोन दिवसांची मिळाली. रविवारी सकाळच्या एसटीनं वैजापूर. मला भीती वाटतेय आणि जेवण जात नाहीये, आणि तरी मी आज खोलीवर येताना चालत नव्हते, पळत होते.

दिपा


वैजापूर
१ सप्टेंबर २०२५

विशा,

मी घरी आहे. आपल्या घरी. बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या आहेत, मी आणि सारजाबाईंनी मिळून साड्या नेसवल्या, धाकट्या महालक्ष्मीच्या निऱ्या तिरप्या झाल्यात. तुझ्याकडंही आज पूजा, तुला यायला जमणार नाही, म्हणून सगळं काल झालं तसं सांगते, काही न गाळता.

काल मी दारात उभी राहिले तेव्हा अण्णा घरघंटीपाशी बसले होते, बेसन दळत. घरभर तो आवाज. त्यांनी वर बघितलं. केस सगळे पांढरे झालेत गं, तू कधी कळवलं नाहीस. बटण बंद केलं. एकदम शांत झालं.

"आली व्हय," म्हणाले. "मॅडमनं निरोप दिला म्हनायचा."

"हो, दिला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं कुणी पोत्यात हात घालून दुसराच माल निघाल्यावर बघतं. "आवाजाला काय झालं? आजारी हायेस का?"

"नाही, बरी आहे."

"बरी आहे?" त्यांनी माझीच नक्कल केली. "कुनाच्या घरी शिकलीस आसं?"

मग मी सांगून टाकलं. मीच मधुरा. ज्वारीची जाळी मीच सांगितली, गुडघ्याचं मीच ऐकलं, बुधवारी तुम्ही फोन ठेवलात तो माझ्यावरच ठेवलात. मशीनचंही सांगितलं. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते, आणि सगळं झाल्यावर म्हणाले, "खोटं."

"खोटं कशाला सांगू?"

"मला येडा समजती का? मधुरा मॅडम पुन्याच्या हायेत. थांब, आता दावतो." त्यांनी मोबाईल काढला, कंपनीचा नंबर लावला, आणि तुला माहितीये ते कसे बोलतात, स्पीकर लावूनच. दोनदा वाजलं.

"नमस्कार, मी मधुरा बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?"

विशा, मी तिला बाहेरून पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी गोड बोलत होती की माझाही तिच्यावर विश्वास बसला. अण्णांनी फोन माझ्यापुढं धरला, डोळे मोठे केले. "मंग? ही कोन?"

"ती कुणीही असंल! आम्ही आठ जणी हाओत!"

"आठ जनी मधुरा?"

"व्हय! आठ जनी! सांगायलेय ना मघापास्नं!"

"मंग पयल्यांदाच कामून नाय सांगितलं?"

"तुम्ही ऐकायलेत का? कधी ऐकलंय का माझं? तुम्हीच आवाज नको म्हन्ल्यावर मी कसं सांगू, चिठ्ठी लिहू का?"

"चिठ्ठ्या लिहितीच की धाकलीला! मला लिहिली का येकतरी?"

"तुम्हाला वाचता येतंय का चष्म्याबिगर? आन् चष्मा कधी सापडतोय का घरात?"

तेवढ्यात दारात सारजाबाई. "काय गं बाई, भांडण लागलं व्हय? चौकापर्यंत आवाज यायलाय."

आणि आम्ही दोघं एकदम वळून, एकाच आवाजात, "नाय, बोलायलोत."

मग माझ्या लक्षात आलं. कधी परत आला तो आवाज, मला कळलंच नाही. मी त्याला शोधत नव्हते, भांडत होते. अण्णांच्याही ध्यानात आलं असणार, कारण ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, फोन तसाच हातात.

फोनमधून ती म्हणाली, "सर, आपण लाईनवर आहात का? आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

अण्णांनी फोन तोंडाजवळ नेला आणि हळू म्हणाले, त्यांना जमंल तेवढं हळू, "नको मॅडम. पोरगी आलीय. तिच्यासंगं बोलतो."

ती कुठली मधुरा होती मला सांगता येणार नाही. युसराची काल सुट्टी होती, एवढं नक्की. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "बरं झालं, काका." हे आमच्या ठरलेल्या वाक्यांत नाही.

रात्रीचं जेवण, भांडणं, सगळं रीतसर झालं. भाकरी जाड झाल्या म्हणून मला ऐकवलं, मी पीठ जाड आहे म्हणून ऐकवलं. नोकरी मी सोडणार नाही, ती मला आवडते. सत्यम सरांना सकाळीच फोन करून सांगितलं की माझ्या हेडफोनमधून मधुराचा आवाज बंद करा. गिऱ्हाइकाला ती ऐकू जाऊ दे, मला मीच ऐकू येऊ दे. ते म्हणाले, "दीपमाला, फोन जरा लांब धर."

आता एकच राहिलं. जेवणं झाल्यावर अण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "म्हंजी म्या जे जे सांगितलं ते समदं तुलाच सांगितलं व्हय?"

मी म्हणाले, "थोडं मला. थोडं युसराला, माझ्या मैत्रिणीला. बाकीचं कुणाकुणाला, माहीत नाय."

ते लाजले, विशा. खरंच लाजले, मान खाली घातली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मला वाटलं आता चिडणार. पण म्हणाले,

"समद्या पोरी चांगल्या हायेत तुमच्या हापिसात. येकीनंबी मधीच फोन ठिवला नाय."

तुझी,
दिपा